दोन मीटरवरून वर येताना

शनिवारी सकाळी सहा वाजून चाळीस मिनिटांनी भुंगासरांनी कॉम्प्रेसरचा खटका खाली ओढला. खोली जेमतेम दहा फूट लांब. खिडकी एकच, तीही पोहण्याच्या तलावाच्या बाजूला उघडणारी. मशीन सुरू झालं की त्या खोलीत माणसाला स्वतःचं बोलणंही ऐकू येत नाही. पाण्यानं भरलेल्या टबात सहा लहान सिलिंडर उभे होते. आठ-दहा वर्षांच्या मुलांच्या पाठीला पेलतील असे, प्रत्येकाच्या मानेला वेगळ्या रंगाची चिकटपट्टी. हवा भरताना ते तापतात म्हणून ते पाणी. दाबाचा काटा दोनशेवर आला की एक काढायचा आणि दुसरा जोडायचा.

दाराजवळच्या खिळ्याला कानांवर चढवायची निळी टोपणं लटकत होती. तीन वर्षांपूर्वी तलावावरच्या तरुण शिक्षिकेनं, ताईनं, ती आणून टांगली होती. सरांनी ती एकदाही घातली नाहीत. कॉम्प्रेसर आजारी पडायच्या आधी आवाजावरून कळतो आणि कान झाकले तर कळणार कसं, असं त्यांचं म्हणणं.

पहिला सिलिंडर काढल्यावर त्यांनी झडपेवर साबणाचं पाणी सोडलं आणि वाकून पाहिलं. फुगे आले नाहीत, म्हणजे गळती नाही. वर्षभरापूर्वीपर्यंत ते नुसता कान लावायचे आणि बारीकशी फुस्स ऐकून सांगायचे. साबणाची पद्धत आपण का धरली, हे त्यांनी कुणाला सांगितलं नव्हतं. ताईनं विचारलं तेव्हा म्हणाले, "पुस्तकात हीच लिहिलीय." ते खरंही होतं.

त्यांच्या पिशवीच्या आतल्या कप्प्यात चौघडी केलेला एक कागद एकोणीस दिवसांपासून पडून होता. कानाच्या डॉक्टरांचा. त्यांना त्या दवाखान्यात त्यांच्या बायकोनं ओढत नेलं होतं. "टीव्हीवरच्या बातम्या आता शेजारचे आपल्या घरी न येताच ऐकतात," असं तिनं डॉक्टरांना सांगितलं. तपासणी झाली. डॉक्टर म्हणाले, "शांत खोलीत तुम्हाला बऱ्यापैकी ऐकू येतं. पण गोंगाटातून एक आवाज वेगळा काढणं आता तुमच्या कानांना जमत नाही. थोडं वय, बाकी तुमचं ते मशीन."

"आणि पाण्याखाली?" सरांनी विचारलं होतं.

"पाण्याखाली काय ऐकायचंय तुम्हाला? मासे?"

डॉक्टर हसले. सरही हसले. बायको हसली नाही.

सर एकसष्ट वर्षांचे. गेली सतरा वर्षं या बंदिस्त तलावात ते लहान मुलांना पाठीवर हवेचा सिलिंडर बांधून पाण्याखाली जायला शिकवतात. पाण्यात खोल जायचं नसतं. दोन मीटर, त्याच्या खाली नाही. मुलं तळाशी गुडघ्यांवर बसतात, तोंडातल्या रबरी तुकड्यातून श्वास घेतात, प्लास्टिकच्या रिंगा एकमेकांकडे सरकवतात आणि वर येतात. खाली जाणं सोपं असतं. सरांची सगळी शिकवण वर येण्याची. वर येताना प्रत्येक मुलानं घशातून सतत 'हूंऽऽ' असा आवाज काढत राहायचं. तोंडात तुकडा असला तरी हे जमतं. पाण्याखाली हा आवाज भुंग्यासारखा येतो. म्हणून वर निघण्याआधी सर हाताच्या मुठीनं गळ्याला स्पर्श करतात आणि त्या खुणेचं नाव 'भुंगा सोडा'. मुलांनी त्यावरून सरांचं नाव ठेवलं, आणि ते तलावाच्या पगारपत्रकाशिवाय सगळीकडे चालतं.

ही पद्धत दुसरीकडे कुठे नाही. बाकीचे शिक्षक मुलाच्या तोंडाकडे पाहतात, बुडबुडे येताहेत की नाही ते बघतात. सरांचं त्यावर उत्तर ठरलेलं असे. "माझ्या दोन हातांत दोन मुलं असतात. डोळे एकाच्याच तोंडावर राहतात. दुसरं मूल कानांकडे." गुणगुणणारं मूल श्वास रोखू शकत नाही. रोखलं की आवाज थांबतो. आवाज थांबला की सर थांबतात.

ही गोष्ट त्यांना घरी कळली होती, बायको इस्त्री करत असताना. पण त्याच्या आधीची गोष्ट सांगायला हवी.

अठरा वर्षांपूर्वी सर बंदरात कामाला होते. जहाजांच्या तळाला चिकटलेले शिंपले पाण्याखाली राहून खरवडायचे. त्यांना नऊ वर्षांचा एक मुलगा होता. मुलाला बापासारखं पाण्याखाली जायचं होतं, आणि बापानं त्याची तयारी घरातच सुरू केली. न्हाणीघरातल्या टबात मुलानं तोंड बुडवायचं, बापानं स्टुलावर घड्याळ घेऊन बसायचं. पंचवीस सेकंद. एकतीस. चव्वेचाळीस. प्रत्येक आकडा न्हाणीच्या दारामागे पेन्सिलीनं लिहिला जायचा आणि बाप म्हणायचा, "छान!" हे दोन वर्षं चाललं. शेवटचा आकडा बहात्तर.

मग एका सुट्टीच्या दुपारी बाप त्याला याच तलावावर घेऊन आला. कपडे बदलायच्या खोलीत पायात पोहायचे रबरी पंख चढवताना त्यानं मुलाला सांगितलं की वर येताना श्वास धरायचा नाही, सोडत यायचं. मुलानं मान डोलावली. सांगायला अर्धं मिनिटसुद्धा लागलं नसेल. खाली सगळं नीट चाललं होतं. मग मास्कमध्ये थोडं पाणी शिरलं, मुलगा घाबरला आणि त्याला जे उत्तम येत होतं ते त्यानं केलं. तोंड मिटलं, श्वास धरला आणि वर झेपावला. वर येताना छातीतली हवा फुगते. तिला बाहेर पडायला वाट नसली तर ती आत वाट करते. हे फार खोल पाण्यातच होतं असं नाही. मुलगा वर आला, त्यानं शिडीला हात लावला आणि शिडी सोडली.

चौकशीत तो अपघात ठरला. बाप अकरा महिने पाण्याच्या जवळ गेला नाही. बायको पूर्वी इस्त्री करताना गुणगुणायची, ते त्या घरात बंद झालं होतं. अकराव्या महिन्यात एका दुपारी तिच्याही नकळत ते पुन्हा सुरू झालं. तिचं तिला ऐकू आलं तशी ती एकदम गप्प झाली, काही चोरताना सापडल्यासारखी. तो समोर बसला होता. गुणगुणणं थांबलं त्या क्षणी तिनं श्वास रोखून धरलेला त्याला दिसला. पुढच्या आठवड्यात तो तलावावर कॉम्प्रेसर सांभाळायची नोकरी मागायला गेला. त्यानंतर दोन महिन्यांनी त्याला पहिली विद्यार्थिनी मिळाली. आठ वर्षांची. आज सगळे तिला ताई म्हणतात. ती पंचवीस वर्षांची आहे आणि याच तलावावर शिकवते.

सरांकडे एक जाड वही आहे. पहिल्यांदा त्यांच्या हातात हात देऊन गुणगुणत वर आलेल्या प्रत्येक मुलाची तारीख आणि क्रमांक तिच्यात आहे. क्रमांक एक, ताई. मुलगा गेला हे तलावावर जुन्या माणसांना माहीत आहे. कुणी बोलत नाही, आणि सरांनी पालकांना ते कधी सांगितलेलं नाही.

पावणेआठला कपडे बदलायच्या खोल्यांबाहेर नेहमीचा बाजार भरला होता. शॉवर चालू, केस वाळवायची यंत्रं चालू, एका मुलाचा चष्मा हरवलेला, दुसऱ्याचा डावा पंख तिसऱ्याच्या पायात. पिवळ्या टोपीतली एक मुलगी वडिलांचा हात धरून उभी होती. ती उशिरा दाखल झाली होती. बुधवारी ताईनं तिला एकटीला उथळ पाण्यात शिकवलं होतं. आज ती पहिल्यांदाच दोन मीटरवर जाणार होती.

नव्या मुलाच्या पालकांना सर एक प्रश्न हमखास विचारत. तो त्यांनी विचारला. "घरी श्वास रोखून धरायचे खेळ वगैरे खेळता का?"

वडील वाकून बरंच काही बोलले. सरांना शॉवर ऐकू आला, एक दार आपटलेलं ऐकू आलं आणि मधेच 'घरी' हा शब्द. वडिलांचा चेहरा हसरा होता. गेल्या दोनेक वर्षांत सरांनी स्वतःसाठी एक सोय करून घेतली होती. समोरचा हसत असेल तर 'छान' म्हणायचं, कपाळाला आठ्या असतील तर 'बघू आपण'. सहसा कुणाच्या लक्षात यायचं नाही.

"हो हो," सर म्हणाले. "छान."

मुलगी वडिलांकडे पाहून हसली.

आठ वाजता सहा मुलं काठावर पाय सोडून बसली. त्यांच्यातल्या एकाला सरांनी पहिल्याच दिवशी 'वकीलसाहेब' नाव देऊन टाकलं होतं, कारण त्याचे प्रश्न संपत नसत.

"सर, खाली असताना शी लागली तर?"

"वर यायचं, बाहेर जायचं, मग करायची. हाच क्रम. उलटा नाही."

सगळी मुलं एकमेकांच्या अंगावर पडून हसली.

"सर, खाली मासा आला तर?"

"या तलावात एकच मासा आहे. त्याला पेन्शन मिळायची वेळ झालीय."

"तो चावतो?"

"प्रश्न विचारणाऱ्यांना."

मग फुगे झाले. दर शनिवारी होतात. ताई दोन फुगे घेऊन खाली गेली, तिनं सिलिंडरच्या हवेनं दोन्ही टम्म भरले. लाल फुग्याला गाठ मारली, हिरव्याचं तोंड उघडंच ठेवून सोडला. हिरवा फुरफुरत, वेडावाकडा वर आला आणि चिरगुटासारखा तरंगला. लाल वर येता येता ताणत गेला आणि पाण्याच्या तोंडाशी फुटला. तो प्रत्येक वेळी फुटतोच असं नाही. आज फुटला.

"आपण कुठला फुगा?" सरांनी विचारलं.

"हिरवाऽऽ!"

"सर, पण श्वास धरला तर काय होतं?" वकीलसाहेबांनी विचारलं.

"लाल फुग्याचं काय झालं ते पाहिलंस ना." या प्रश्नाला सर सतरा वर्षं इतकंच उत्तर देत आले आहेत.

नियमाप्रमाणे एका वेळी दोन मुलं खाली. सर त्यांच्याबरोबर, आणि ताई पृष्ठभागावर पालथी पडून, मास्कमधून खाली पाहत. पहिल्या दोन्ही जोड्या नीट गेल्या आणि आल्या. वकीलसाहेब वर येताना इतक्या जोरात गुणगुणले की काठावरच्या मुलांनी कान टवकारले. तिसऱ्या जोडीत सरांच्या उजव्या हाताला एक अबोल मुलगा होता आणि डाव्या हाताला पिवळी टोपी.

तळाशी तीन मिनिटं झाली. रिंगा सरकवून झाल्या. सरांनी मूठ गळ्याला लावली: भुंगा सोडा. दोघांनीही मूठ गळ्याला लावून दाखवली. वर निघाले. अर्धा मीटर वर आल्यावर मुलाच्या सिलिंडरचा पट्टा खांद्यावरून घसरला, म्हणून सरांची नजर उजवीकडे गेली. पट्टा त्यांनी कोपरानं वर सरकवला. मुलगा गुणगुणत होता, ओठांच्या कडेनं बुडबुड्यांची माळ सुटत होती. डावीकडून मुलीचा भुंगा येत होता. बारीक, एकसारखा, थोडा वरच्या पट्टीत. सर वर येत राहिले.

तेवढ्यात वरून एक हात खाली आला. ताईनं सूर मारला होता. तिनं पिवळ्या टोपीचा खांदा धरून तिला जागच्या जागी थोपवलं आणि दुसऱ्या हाताची बोटं तिच्या पोटात रुतवली. मुलीच्या तोंडातून हवेचा मोठा लोट बाहेर पडला. मग आणखी एक. मग ती नीट श्वास घेऊ लागली आणि ताईनं तिला हळूहळू वर नेलं. सगळं मिळून चार-पाच सेकंद. पृष्ठभाग तिथून हातभर दूर होता.

मुलीच्या मास्कमध्ये नाकापर्यंत पाणी भरलेलं होतं. काठावर बसवल्यावर ती खोकली, तिनं मास्क कपाळावर सरकवला आणि विचारलं,

"किती सेकंद झाले?"

ताई तिच्या सिलिंडरचे पट्टे सोडवत होती.

"मी मधेच सोडला. ताईंनी गुदगुल्या केल्या म्हणून. किती झाले होते?"

तलावावरची नर्स आली. तिनं मुलीची छाती तपासली, बोटं मोजायला लावली, दोन्ही पायांवर उभं केलं, नाव-पत्ता विचारला. मुलीला काहीही झालं नव्हतं. तरी नियमाप्रमाणे तिला टॉवेलमध्ये गुंडाळून तासभर बाकावर बसवून ठेवलं. तिनं तेवढ्या वेळात दोन केळी खाल्ली आणि नर्सला एक कोडं घातलं.

काचेपलीकडून वडील धावत आले होते. घाबरलेला माणूस आधी रागावतो, तसे ते रागावले. मग सरांनी त्यांना आत, फोन असलेल्या छोट्या खोलीत नेलं आणि दार लावलं. तिथे आवाज नव्हता.

"ही घरी श्वास धरते का?" सरांनी विचारलं.

वडील त्यांच्याकडे पाहतच राहिले. "अहो, सकाळी हेच नाही का सांगितलं मी? तुम्हीच विचारलंत. म्हटलं, घरी मीच सराव घेतो, टबात, मोबाइलवर वेळ लावून. पन्नास सेकंदांपर्यंत आलीय. तुम्ही 'छान' म्हणालात."

सर खुर्चीवर बसले. ज्या मुलाचे पालक असं काही सांगतील त्या मुलाला ते तीन शनिवार पाण्याखाली नेत नसत. ती सवय मोडायला तेवढा वेळ लागतो. सतरा वर्षांत अशी कितीतरी मुलं आली होती. एकही त्यांच्या नजरेतून निसटलं नव्हतं.

"मला ऐकू आलं नव्हतं," ते म्हणाले.

"मग छान कशाला म्हणालात?"

"तुम्ही हसत होतात म्हणून."

सरांनी त्यांना तेव्हा आपल्या मुलाबद्दल सांगितलं. तीन-चार वाक्यांत. वय, टब, दारावरचे आकडे, मास्कमध्ये शिरलेलं पाणी. आवाज न चढवता, न उतरवता. शेवटी म्हणाले, "तुमची चूक नाही. तुम्हाला कुणी सांगितलं नव्हतं. मला माहीत होतं." वडिलांनी काचेतून बाकाकडे पाहिलं. मुलगी नर्सला केळ्याचं साल कुठे टाकायचं ते विचारत होती. "पुन्हा घरी कधीच करू नका," सर म्हणाले. वडिलांनी मान हलवली आणि ते बाहेर जाऊन मुलीच्या शेजारी तिला चिकटून बसले.

ताई कॉम्प्रेसरच्या खोलीत वाट पाहत होती. मशीन बंद होतं. तिच्या केसांतून पाणी गळत होतं.

"सर, तुम्ही थांबला का नाहीत? पोरीच्या तोंडातून एक बुडबुडा येत नव्हता. मी वरून बघतेय, म्हटलं आता थांबतील, आता थांबतील."

"मला तिचा भुंगा ऐकू येत होता."

"ती गुणगुणतच नव्हती!"

"ते आता कळलं."

"मग ऐकू काय आलं तुम्हाला?"

त्यांना आवाज ऐकू आला होता, यात शंका नव्हती. तो कुठल्या बाजूनं आला, कुठल्या पट्टीत होता, हेही ते सांगू शकत होते. सतरा वर्षं दर वेळी डाव्या हाताला एक आवाज असायचा. आज तो पाण्यात नव्हता, तरी होता. कान नुसते बहिरे झाले असते तर ते थांबले असते. शांतता झाली की थांबायचं, हा तर त्यांचाच नियम. पण त्यांच्या कानांना शांतताच ऐकू आली नाही.

त्यांनी पिशवीतून कागद काढून तिला दिला. ताईनं तो वाचला, तारीख पाहिली.

"एकोणीस दिवस," ती म्हणाली. "तीन शनिवार, सर."

"हो."

"मला सांगायचं होतं. मी हसले असते का तुम्हाला? मी काय कुणी परकी आहे?" तिचा आवाज फाटला. मग तिनं तो सावरला. "मला पाण्यात कोणी आणलं? मी कुणाच्या हाताला धरून वर आले?"

"म्हणूनच नाही सांगितलं."

ती खिळ्यावरच्या टोपणांकडे पाहत राहिली. "ती घातली असतीत तर," एवढं म्हणून तिनं वाक्य सोडून दिलं.

व्यवस्थापक बाईंच्या खोलीत सर स्वतःच्या पायांनी गेले. कागद टेबलावर ठेवला, सकाळी काय झालं ते पहिल्यापासून सांगितलं, 'छान'सकट. बाई चाळिशीच्या, नियमाला पक्क्या. त्यांनी सगळं लिहून घेतलं आणि लिहिलेलं वाचून दाखवलं, मोठ्यानं, सावकाश. ते मोठ्यानं वाचणं सरांच्या लक्षात आलं.

"हे मला वर पाठवावं लागेल," बाई म्हणाल्या.

"पाठवा."

"पाण्यात उतरता येणार नाही आता. आरोग्याचा दाखला नव्यानं मिळाल्याशिवाय."

"तो मिळणार नाही. मी डॉक्टरांना विचारून आलोय."

बाईंनी पेन खाली ठेवलं. "काठावर थांबाल? कॉम्प्रेसर, सामान, फुगे? ताईंना पृष्ठभागावर दुसरं माणूस मी देते. संध्याकाळच्या तुकडीचे शिक्षक सकाळी येतील."

सरांनी मान डोलावली. मग आपण काय ऐकलं ते त्यांनी परत म्हणून दाखवलं: कॉम्प्रेसर, सामान, फुगे, काठावर. बाई म्हणाल्या, "बरोबर."

बाहेर भिंतीवर पांढरा फळा आहे. डाव्या रकान्यात 'पाण्यात', उजव्या रकान्यात 'काठावर'. सरांनी डावीकडचं आपलं नाव अंगठ्यानं पुसलं. शाई जुनी होती, नीट पुसली गेली नाही. ओलं फडकं आणावं लागलं.

ते दुपारी दीड वाजता घरी पोचले. घर तलावापासून पायी पंधरा मिनिटांवर आहे. या अठरा वर्षांत बायको त्या इमारतीत एकदाही गेलेली नाही. ती इस्त्री करत होती. डोक्यावर पंखा फिरत होता.

"मला नीट ऐकू येत नाही," सर दारातूनच म्हणाले.

"ते मला तीन वर्षांपासून माहीत आहे," ती म्हणाली. "तुम्हाला कुणी सांगितलं?"

मग तिनं त्यांच्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि इस्त्री उभी करून ठेवली. सर बसले. त्यांनी सांगितलं. 'टबात, मोबाइलवर वेळ लावून' हे आलं तेव्हा तिनं इस्त्रीची तार बटणापासून काढली आणि हातात गुंडाळायला लागली, अजून चार शर्ट बाकी असताना.

"पोरगी बरी आहे ना?"

"दोन केळी खाल्ली तिनं."

"काय विचारलंन म्हणालात वर आल्यावर?"

"किती सेकंद झाले."

तिनं न्हाणीकडे पाहिलं. न्हाणीचं दार तिथून दिसतं. घराला या काळात दोनदा रंग दिला, त्या दाराच्या आतल्या बाजूला दिलेला नाही. रंगारी पहिल्या वेळी म्हणाला होता की एवढंच कशाला सोडता, तेव्हा तिनं त्याला चहा दिला होता आणि तो विषय तिथेच थांबवला होता.

"वहीत किती झाली?" तिनं विचारलं.

"एक हजार चारशे अकरा."

"आजची पोरगी धरून?"

"नाही," सर म्हणाले. "तिला ताईनं वर आणलं."

बायकोनं तार सोडवली, पुन्हा बटणाला लावली आणि एक शर्ट समोर घेतला. इस्त्री तापायला वेळ होता. सरांनी उठून पंखा बंद केला आणि परत येऊन जागेवर बसले.

"उकडतंय की," ती म्हणाली. "पंखा कशाला घालवलात?"

"असू दे थोडा वेळ."

तिनं त्यांच्याकडे पाहिलं आणि इस्त्री फिरवायला घेतली. सर समोर बसून होते. तिचे ओठ मिटलेले होते. ती गुणगुणत नव्हती, आणि या वेळी त्यांना ते बरोबर कळलं.

संध्याकाळी त्यांनी वही एका पाकिटात घातली आणि पाकिटावर ताईचं नाव लिहिलं.

रविवारची तुकडी नऊची असते. मुलं तीच सहा. पिवळ्या टोपीचं नाव यादीत आहे, पण पुढचे तीन आठवडे ती उथळ पाण्यातच बसेल. खाली ताई जाईल, पृष्ठभागावर संध्याकाळच्या तुकडीचे शिक्षक असतील. सहा लहान सिलिंडर साडेआठपर्यंत दोनशेवर भरून काठावर ओळीनं लागलेले हवेत, म्हणून कॉम्प्रेसर उद्या सात वाजून चाळीस मिनिटांनी सुरू होईल.